बादलीतला झेंडा

निवृत्त झाल्यापासून नवऱ्याच्या डोक्यात गोल्फचं खूळ शिरलं होतं. दिवसभर हॉलमध्ये सराव चालायचा. सोफ्यावरून अलगद उडालेला चेंडू पलीकडे, झेंडा लावलेल्या बादलीत बरोब्बर पडायचा.

"उंची किती, टप्पा कुठे, सगळं आधी डोक्यात पक्कं हवं," तो बायकोला ऐकवायचा.

बायको तेव्हा वाकून त्याचे मोजे गोळा करत असायची. मळक्या कपड्यांची टोपली हाताच्या अंतरावर, तरी एक मोजा पलंगाखाली आणि दुसरा दाराआड. सांगून सांगून तिच्या तोंडाला फेस आला होता.

काल तिने बादलीतला झेंडा उपटला आणि टोपलीत रोवला.



संध्याकाळी बेडरूममधून आरोळी आली, "अगं, दोन्ही मोजे थेट आत! अजून आहेत का?"