बोट पुढे कर
केकवर पिठीसाखर भुरभुरवून तिनं बोटाला सुई टोचली. रक्तातली साखर मोजणाऱ्या यंत्रानं आकडा दाखवला, तीनशे बारा. मुलानं तिच्या गळ्यातला पिठीसाखरेनं भरलेला एप्रन काढून घेतला. “आई, आता पुरे. उद्यापासून बेकरी मी बघतो, तू घरी बस.” महिनाभर रोज दुपारी हाच वाद चाले. आज तिनं रोजच्या आकड्यांची नोंदवही उघडली. “सुट्टीच्या दिवशी साखर बरी शहाण्यासारखी वागते. तुझं बोट दे.” “मला कुठे मधुमेह आहे?” “दे म्हटलं ना.” नवी सुई लावून तिनं त्याचं साखरेनं माखलेलं बोट टोचलं. तीनशे चाळीस. त्याचा चेहरा उतरला. तिनं साबणानं स्वतःचे हात खसखसून धुतले, पुसले, पुन्हा मोजलं. एकशे अडतीस. एप्रन ओढून घेत ती म्हणाली, “तीनशे चाळीसवाल्यांनी घरी बसावं, नाहीतर हात धुवावेत.”