ट्रफाल्गरच्या वाट्या

“गोमती, बावीस जहाजं कुठं गेली?” व्यंकोबा इतक्या जोरात ओरडले, की कोलूच्या पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्याही दचकल्या असतील. साडेचार वाजले होते. पाचला परीक्षक यायच्या होत्या.

नवरात्रातल्या कोलूच्या, म्हणजे बाहुल्यांच्या आराशीच्या, स्पर्धेत मेलकावेरीचे चंद्रमौली सलग तीन वर्षं पहिले आले होते. यंदा त्यांचं नाक ठेचायचंच, म्हणून इतिहासाचे निवृत्त मास्तर व्यंकोबा यांनी पायऱ्यांसमोर निळी चादर अंथरून ट्रफाल्गरची लढाई मांडली. लाल शिडांची इंग्रजांची सत्तावीस जहाजं. समोर पिवळ्या शिडांची तेहतीस, त्यात अठरा फ्रेंच आणि पंधरा स्पॅनिश. जहाजं म्हणजे स्टीलच्या वाट्या. हळदीकुंकवाच्या बायकांना द्यायला गोमतीबाईंनी आणलेल्या. पण त्यांना विचारतंय कोण!

मग व्यंकोबा तीन दिवस आडुतुरैला आजारी बहिणीकडे गेले. परत येऊन पाहतात तो काय, पिवळी शिडं अकराच!

“दिल्या,” प्रसादाच्या हरभऱ्यांच्या सुंडलाला फोडणी घालता घालता गोमतीबाई म्हणाल्या. “सवाष्णीला रिकाम्या हाती धाडू? तुमची लढाई, अन् लाज माझी?”

“अवघा महिना घसा फोडून ही लढाई सांगितली! या घरात भिंती ऐकतील, पण तू नाही ऐकायचीस.” चाळीस वर्षं वर्गात पोरं झोपली, आता घरातही तेच.

तेवढ्यात शेजारची सौंदर्या दारातून कुरकुरली, “मामी, अवघ्यांना वाटी अन् मलाच काल फणी का?”

व्यंकोबांना फण्यांशी काय देणंघेणं! त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पाचच्या ठोक्याला परीक्षक भागीरथीबाई आल्या. त्याही कॉलेजात इतिहासच शिकवलेल्या. म्हणजे फसवायची सोय नाही. त्यांनी बोट नाचवत जहाजं मोजली. पुन्हा मोजली. व्यंकोबा उगाच चादरीच्या सुरकुत्या काढू लागले.

“लाल सत्तावीसच्या सत्तावीस. पिवळी अकरा,” बाई म्हणाल्या. “तेहतिसांतली बावीस गमावली, इंग्रजांचं एकही नाही. वा, मास्तर! सुरुवात कुणीही मांडेल, तुम्ही लढाईचा शेवट मांडलात. पहिलं बक्षीस तुमचंच!”

“थोडा अभ्यास लागतो,” व्यंकोबा मान ताठ करून म्हणाले.

भागीरथीबाई विडा आणि फणी घेऊन गेल्या. व्यंकोबा खुर्चीत रेलले. “पाहिलंस दैव? तू डोळे मिटून वाट्या वाटल्यास, अन् त्या नेमक्या बावीस निघाल्या!”

“डोळे मिटून?” गोमतीबाईंनी सुंडलाची ताटली त्यांच्या हातात ठेवली. “तुम्ही महिनाभर सांगत होता, ते मी ऐकत नव्हते होय? म्हणून तर तेविसाव्या बाईला फणी दिली.”