माघारीचा बिल्ला

"सही करा वहिनी, टाइम होत आला," रघू पुन्हा म्हणाला.

मुरबाडच्या तहसील कचेरीसमोर, चहाच्या टपरीवर सरिता बसली होती. पुढ्यात उमेदवारी मागे घ्यायचा अर्ज, तो उडू नये म्हणून वर चहाचा ग्लास, आणि ग्लासातला चहा कधीचाच गार. पायाशी कापडी पिशवीत तिचे बिल्ले होते, कालच कल्याणहून करून आणलेले. निशाणी अजून मिळायची होती, म्हणून बिल्ल्यावर नुसता फोटो आणि खाली 'सरपंचपदासाठी सरिताताई'.

रघू तिचा चुलतदीर. त्याची बायको भाग्यश्री हीच दुसरी उमेदवार, तिसरं कुणी नव्हतं. सरिताने तीनच्या आत सही केली की निवडणूक बिनविरोध आणि सरपंचपद रघूच्या घरात.

"घरातल्या घरात कशाला भांडण? भाग्यश्री काय परकी हाय? तुमची जाऊच ना ती."

"वाडीतल्या बायकांनी मला उभी केलीय, भाऊजी. नळ बसलेत, पाणी नाय. त्यांना काय सांगू?"

"त्यांचं आमी बघू."

"ते तर इतकी वरसं बघताय."

रघू मोबाइलमध्ये टाइम बघू लागला. सरिता पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. निवडणुकीला ती घाबरत नव्हती. घाबरत होती ती एकटी पडायला. तिने शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं.

"अवो, तुमी तरी बोला ना काय."

ज्ञानेश्वर बसल्या जागी चुळबुळत होता. त्याच्या डोक्यात वेगळंच शिजत होतं. निवडणूक आली की लोक कुणाला पाडायचं ते बघतात, हा गडी कुणाचे बिल्ले हाती लागतील ते बघतो. गावात हाडवैर असलेले पक्ष त्याच्या बिस्किटांच्या डब्यांत सुखाने नांदतात. निवडून आलेल्यांचे बिल्ले काय, कुठेही मिळतात. पडलेल्यांचे शोधावे लागतात. पण ज्याने बिल्ले छापले आणि वाटायच्या आधी माघार घेतली, त्याचा बिल्ला म्हणजे सोनं. तो कुणाच्या हातातच पडत नाही, पोत्यासकट नाल्यात जातो. तसल्या एका बिल्ल्यासाठी ज्ञानेश्वर भर उन्हात डोळखांबचे पाडे पालथे घालून आला होता.

आणि आता तसला बिल्ला बायकोच्या पायाशी पडला होता. पिशवीभर.

"मी काय बोलू," तो म्हणाला. मग राहवेना, म्हणून पिशवीकडे बघत हळूच विचारलं, "वाटलेस का गो कुणाला?"

"काय?"

"बिल्ले."

"नाय अजून."

"एक पण नाय?"

"एक पण नाय."

ज्ञानेश्वरचा चेहरा उजळला. त्याचा त्याला पत्ताही नसेल, पण एवढी वर्षं संसार केलेल्या बायकोपासून असलं काय लपतं? डोळखांबहून तो बिल्ला घेऊन परत आला तेव्हा दारातच तिने हाच चेहरा पाहिला होता. याला आपली माघारच हवीय, हे सरिताला कळलं. मग राग आला, आणि बोटाला गुंडाळलेला पदर तिने सोडून दिला. तिने ग्लास उचलून बाजूला ठेवला आणि कोरा अर्ज रघूच्या हातात दिला.

"मी नाय घेत माघार."

"वहिनी, दादाला तरी इचारा."

"इचारलं ना आत्ता. ऐकलंत की तुमी."

ती पिशवी घेऊन उठली. पहिला बिल्ला तिने टपरीवाल्याला दिला. दुसरा रिक्षावाल्याला. पुढे गावाकडे जाणारी जीप भरत होती, तिच्यात वाडीतल्या दोघीतिघी बसल्या होत्या. सरिताने मूठभर बिल्ले काढले. "घ्या गो, लावा. घरच्यांना पण द्या." बायका हसत हसत एकमेकींच्या पदराला बिल्ले लावू लागल्या.

ज्ञानेश्वर मागोमाग धावत आला. "अगो, सगळे नको वाटू. दोन-चार ठेव."

"कशाला?"

त्याने नुसता हात पुढे केला. सरिताने त्या हाताकडे पाहिलं, पिशवीतून एक बिल्ला काढला आणि मुठीतच धरून ठेवला.

"डब्यात नाय जायचा हा. इथं लावायचा." तिने त्याच्या शर्टाच्या खिशावर बोट टेकवलं.

रघू टपरीपाशी उभा राहून बघत होता. ज्ञानेश्वरने त्याच्याकडे पाहिलं, मग सरिताकडे. आजवर त्याने कुठल्याच पक्षाचा बिल्ला छातीवर लावला नव्हता. म्हणून तर सगळ्यांच्या घरी त्याला चहा मिळायचा, रघूच्या घरी सगळ्यात आधी.

जीपवाल्याने हॉर्न दिला. मग ज्ञानेश्वरने बिल्ला घेतला. पिन उघडता उघडेना. उघडली ती बोटातच गेली. बोट तोंडात घालून त्याने बिल्ला तिच्यापुढे धरला.

"लाव गो जरा."

"तुमचा तुमी लावा," सरिता म्हणाली आणि जीपमधल्या बायकांकडे वळली.