खोट्या सहीचं कर्ज

"तुमच्या नावावर फ्रिजचं कर्ज थकलंय, वसुलीला गेलंय," बँकेतल्या मॅडम म्हणाल्या. यामिनीनं फ्रिज कधी हप्त्यानं घेतलाच नव्हता. तिनं अर्जाची प्रत पाहिली आणि खोट्या सहीतलं वळण ओळखलं. सात वर्षांपूर्वी भांडून घर सोडलेल्या तिच्या धाकट्या भावाचं, निरंजनचं.

"फसवणुकीची तक्रार द्या," मॅडम म्हणाल्या. यामिनी थेट अर्जावरच्या पत्त्यावर, इचलकरंजीला गेली.

"इन्सुलिन ठेवायला घेतला होता त्यानं फ्रिज," घरमालकीण म्हणाली. "ताईला कळवू का विचारलं, तर म्हणाला, कुठल्या तोंडानं? मागच्या श्रावणात गेला बिचारा."

यामिनीनं तक्रार केली नाही, थकबाकी भरली. पण इतकी वर्षं त्याच्या फोनची वाट पाहायची सवय सुटली नाही; आजही अनोळखी नंबरावरून फोन आला की ती पहिल्याच रिंगला उचलते आणि पलीकडचा बोलेपर्यंत श्वास रोखून धरते.