'भट्टी'तला वरचा सूर

गाणारा डॅरिल सिगारेट ओढायला मागच्या दारानं बाहेर पडला, तसा मर्लनं झटपट गिटारच्या खुंट्यांना हात घातला. सगळं गाणंच थोडं खालच्या पट्टीत यावं म्हणून एकेक तार सैल सोडली. बेसवाल्या रॉसला खुणेनंच म्हणाला, तूही उतरव.

"अरे, गेल्या महिन्यातच तर पट्टी उतरवली होती," रॉस कुजबुजला. "अजून किती फसवायचं त्याला?"

"गप बस. उतरव."

काय करणार बिचारा मर्ल! काल गाडीत डॅरिल स्पष्टच बोलला होता: 'भट्टी' गाण्यातला वरचा सूर पुन्हा फुटला, तर माईक खाली ठेवायचा आणि मेहुण्याबरोबर लोकांची छपरं ठोकायला जायचं. डॅरिल गेला की बँड संपला. कुठल्याही कंपनीच्या दारात उभं न राहता, स्वतःच्या कॅसेटी स्वतः विकत, दोघांनी अख्खं आयुष्य त्या खटारा गाडीत काढलं होतं. मर्लला दुसरं येत होतं काय? कप्पाळ!

डॅरिल आत आला. टोलेडो शहरातल्या त्या रिकाम्या बारमध्ये भरदुपारी, रात्रीच्या कार्यक्रमाआधीचा साउंड चेक सुरू झाला. काउंटरमागे मालकीण डॉटी ग्लास पुसत होती. मर्ल हातानं वाजवत होता आणि मनात देवाचा धावा करत होता. तो सूर आला. डॅरिलनं डोळे मिटले, मान वर केली, आणि आवाज सरळ छताला जाऊन भिडला. कुठे चीर नाही, खरखर नाही.

मग काय, डॅरिल नाचायलाच लागला.

"मर्ल्या! लेका, ऐकलंस? परत आला! उन्हाळ्याचा दौरा पक्का कर. सगळ्यांना कळव!" त्यानं मर्लला कडकडून मिठी मारली. त्याचे डोळे भरून आले होते.

मर्ल हसला.

डॉटीलाही राहवेना. "तुमची पहिली कॅसेट अजून जपून ठेवलीये रे मी," ती म्हणाली, आणि मर्ल 'नको' म्हणेपर्यंत तिनं ती मशीनमध्ये सरकवलीसुद्धा.

'भट्टी' सुरू झालं. कॅसेटमधला तरणाताठा डॅरिल गाऊ लागला. समोरचा म्हातारा डॅरिलही हौसेनं त्याच्याबरोबर गायला लागला, पण दुसऱ्याच ओळीला त्याचा घसा फाटला. तो थांबला. कॅसेट चढतच गेली.

डॉटीच्या कपाळाला आठ्या पडल्या. तिनं मशीनला एक चापट मारली. "मेलं हे जुनं डबडं! भलतंच वर पळतंय. आत्ता तू गायलास ते कसं छान होतं!"

डॅरिल वळला. मर्लच्या गिटारवरच्या ढिल्या तारांवरून त्यानं एकदा बोट फिरवलं. मर्लनं मान खाली घातली.

"मारू नकोस त्याला, डॉटी," डॅरिल म्हणाला. "मशीन बरोबर आहे."