टोलनाक्यावरची करवली

टॅग वाचला गेला, हिरवा दिवा लागला, दांडा वर गेला. गाडी मात्र हलेना.

केबिनच्या काचेतून शिवकन्येने वाकून पाहिलं. झेंडूच्या माळांनी मढलेली ती गाडी तिच्या भावाची होती. पुढे मुंडावळ्यांसकट सिद्धाराम, मागे प्रणिता, आजच झालेली वहिनी. माजलगावला अक्षता पडल्या तेव्हा ही एकुलती एक करवली गेवराईबाहेरच्या टोलनाक्यावर ट्रक सोडत बसली होती.

त्याला कारण करार. रस्ता सरकारचा, बांधला कंपनीने. कंपनीने ठरलेली वर्षं टोल घ्यायचा आणि मग रस्ता सरकारला परत द्यायचा. तो परत द्यायचा दिवस नेमका आजचा निघाला. मुहूर्त काढणाऱ्या स्वामींना कराराची तारीख कोण विचारणार! वर कंपनीचं फर्मान, आज जो हजर, त्याचीच शिफारस सरकार टोलवसुलीला नेमेल त्या नव्या ठेकेदाराकडे. नोकरी शिवकन्येने हट्टाने मिळवलेली, जिवापाड जपलेली. तिने नोकरी राखली. सिद्धारामने अबोला धरला. नोकरीपायी भाऊ गमावला, असंच तिला सकाळपासून वाटत होतं.

मागून एसटीने भोंगा लावला. एसटीमागे कापसाचा टेम्पो, त्याच्यामागे आणखी कोणकोण. लोक माना बाहेर काढून नवरदेवाला आशीर्वाद सोडून बाकी सगळं देऊ लागले.

मॅनेजर मोहनराव धावत आले. सरकारी साहेब आलेले असताना आजच्या दिवस तरी नाका शहाण्यासारखा चालायला हवा होता.

"अहो नवरदेव, दांडा वर हाय. काढा की गाडी!"

सिद्धाराम उतरला आणि तडक केबिनपाशी आला. आता चारचौघांत पाणउतारा होणार, शिवकन्या धरूनच चालली. पण तिला एक कळेना. घर तर नाक्याच्या अलीकडे, गेवराईतच. गाडी घर सोडून इथवर आलीच कशाला?

"दादा, चुकलं माझं," ती कशीबशी म्हणाली.

"दांडा खाली घे."

"कावून?"

"घे म्हणतो ना!"

तिने बटण दाबलं. दांडा गाडीच्या पुढ्यात खाली आला. तशी सिद्धारामची कळी खुलली. मागच्या काचेतून प्रणिताही हसत होती. काही उमगायच्या आधीच शिवकन्येला रडू फुटलं.

"घरी गेलतो, शिवे. समदे जमलेत, पण दार अडवायला बहीणच न्हाई. प्रणिता म्हणली, वन्संनी अडवल्याबिगर मी उंबरा वलांडायची न्हाई. तवा आमीच आलो अडवून घ्यायला. आता उखाणा घेतल्याबिगर सोडू नको आमाला!"