दुसरी पद्धत

संमोहनाची कोणती पद्धत शिकायची, हुकमाची की लयीची, हे नम्रताला उद्या वर्गात सांगायचं होतं. अर्धांगाच्या झटक्यानं लुळा पडलेला सासूबाईंचा उजवा हात जिनं हलेल, तीच ती शिकणार होती.

हडपसरमधल्या सातव्या मजल्यावरच्या घरात, भर दुपारी, दोघी फरशीवर समोरासमोर बसल्या.

"तुमचा हात हलका होतोय," नम्रतानं हुकूम सोडला.

"सुनेच्या हुकमानं कवा हललाय व्हय?" बायडाबाई हसल्या.

मग नम्रतानं आवाज मऊ केला. ओवीसारखे घोळवत, सावकाश आकडे म्हणू लागली. सासूबाईंचे डोळे मिटले. लुळा हात उठला, त्याची मूठ वळली आणि ती गोल फिरू लागली.

 तेवढ्यात फरशीतून घरघर आली, जातं फिरावं तशी.

घाबरून तिनं जागं करायचा आकडा उच्चारला. "पाच."

बायडाबाईंनी डोळे उघडले. त्यांचा हात मांडीवर पडला. घरघर थांबली नाही.

नम्रतानं खाली पाहिलं. आता तिची मूठ फिरत होती.

"आई, माझा हात थांबत नाही."

"दळण सरल्याबिगर कसा थांबंल?" बायडाबाईंनी डाव्या हाताची रिकामी मूठ, जात्यात दाणे टाकावेत तशी, दोघींच्या मधोमध सोडली.

घरघर जड झाली.